अकोल्याचं तिकीट आणि तळ्याकाठची इटली

एक किस्सा सांगायला घेतला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो, त्याला मी काय करू? परवा आमच्या ईडन प्रेरीत, म्हणजे इथे अमेरिकेत, कुलकर्णीकाकांकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा तसलं. तिथे कुणीतरी सहज विचारलं, "काय रे पराग, इटालियन शिकलास म्हणे?" मी सुरुवात केली. मसालेभात गार झाला, काकूंनी तो परत गरम केला, परत गार झाला, तरी माझी इटली काही संपेना.

आधी इटली म्हणजे कुठली ते सांगतो. खरी नाही. मिनेसोटात पार वर, पाइनच्या जंगलात एक तळं आहे. त्याच्या काठावर लाकडी केबिन. उन्हाळाभर तिथे सगळ्यांनी समजायचं की आपण इटलीत आहोत. सकाळी भाषेचे क्लास, मग पेंटिंग, मातीकाम, नाटक. डास मात्र मिनेसोटाचेच.

मी तिथे हौसेने गेलो नव्हतो. शाळेत स्पॅनिशमध्ये असा आपटलो की टीचरने बाबांना बोलावून घेतलं. उन्हाळ्यात कुठलीतरी परकी भाषा पास केली तर पुढच्या वर्गात, नाहीतर आहे तिथेच. स्पॅनिशचे कॅम्प फुल होते, इटालियनमध्ये जागा होती. बाबांनी लगेच नाव घातलं, आणि वर अकोल्याला ट्रंककॉल लावून अप्पाकाकांशीही बोलून ठेवलं. अप्पाकाका हेडमास्तर आहेत. आमच्या खानदानातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखाली सरळ झालीत, उरलेली नुसत्या नावाने.

"पास झालास तर इथे," कॅम्पच्या गेटपाशी मला उतरवताना बाबा म्हणाले. "नापास झालास तर अकोला. तिकिटाचं एजंटला सांगून ठेवलंय."

मी म्हटलं, "विंडो सीट सांगा."

बाबा हसले नाहीत.

*

कॅम्पच्या हेड होत्या सिन्योरा बियांका. मी त्यांना सिन्योराबाई म्हणायचो. उंच, ताठ, चष्मा साखळीने गळ्यात. त्यांचा एकच कायदा: इंग्लिश बंद. इंग्लिश बोलताना सापडलात की जेवणानंतर किचनमध्ये भांडी.

माझ्याबरोबर कुलकर्णीकाकांची शिल्पा पण होती. ती मात्र हौसेने आलेली, कारण मार्क मिळवायची तिला सवयच आहे. शिल्पा इथेच जन्मली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर कायम इंग्लिशमधून. घरी काकू मराठीत ओरडतात, ही इंग्लिशमध्ये ओरडते, आणि दोघींचं भांडण अगदी व्यवस्थित पार पडतं.

पहिल्याच दिवशी जेवताना सिन्योराबाई आमच्या मागून चालत येताहेत हे मी बघितलं, आणि शिल्पाला म्हटलं, "मीठ दे गं जरा."

शिल्पा सवयीने म्हणाली, "गेट इट युवरसेल्फ."

भांडी.

दुसऱ्या दिवशी मी पाणी मागितलं. परत भांडी. मग ती तडक सिन्योराबाईंकडे गेली आणि तक्रार केली की पराग इटालियन बोलतच नाही, कुठलीतरी भलतीच भाषा बोलतो. सिन्योराबाईंनी कायदा मनातल्या मनात तपासून पाहिला. बंद इंग्लिश होतं. मराठी बंद, असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! आणि तक्रार इंग्लिशमध्ये केली म्हणून शिल्पाला अजून एकदा भांडी.

मग बिचारीने हात टेकले आणि मला मराठीतून उत्तरं द्यायला लागली. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग शिव्या. कॅम्प संपवून घरी गेली आणि दारातूनच म्हणाली, "आई, भूक लागलीय, पटकन वाढ." काकूंनी अख्ख्या ईडन प्रेरीला फोन करून सांगितलं, इटालियनच्या कॅम्पला पाठवली आणि पोरगी मराठी शिकून आली.

शिल्पा अजून माझ्याशी बोलत नाही. पण बोलत नाही ते मराठीतून.

*

किचन तेरेसामावशींचं. मावशी अस्सल इटलीच्या, आणि त्यांच्या किचनमध्ये बिनकामाचं पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती. मला हे माहीत नव्हतं. मला फक्त ताज्या पावाचा वास आला होता.

मी मागच्या दाराने आत शिरलो. मावशी गर्रकन वळल्या, पाचही बोटं जुळवून वर केली आणि माझ्या तोंडासमोर हलवायला लागल्या. आता आपल्याकडे या खुणेचा एकच अर्थ: जेवलास का बाळा? मी नाही म्हणून मान हलवली आणि स्टूल ओढून बसलो.

मावशींनी हात आणखी जोरात हलवला. मी म्हटलं, काय ही माया! मग त्यांनी दोन्ही हात हलवायला सुरुवात केली. मी बशी पुढे केली.

शेवटी कपाळावर हात मारून त्यांनी वाढलं. इटालियनांमध्ये त्या खुणेचा अर्थ 'तुला हवंय तरी काय, इथे कशाला कडमडलास' असा असतो, हे मला पुढे क्लासमध्ये कळलं. पण तोवर ते स्टूल माझं झालेलं होतं.

*

पेंटिंगचे पाओलोमास्तर फार प्रेमळ, पण विसरभोळे. एकदा त्यांनी टेबलावर निळं कापड पसरलं, त्यावर बशी, बशीत पेअर, द्राक्षं आणि एक पीच. ह्याचं चित्र काढा म्हणाले आणि ब्रश शोधायला गेले ते गेलेच. माझा केबिनमेट केविन शेजारी बसून द्राक्षाचा एकेक मणी मन लावून काढत होता. मला चित्र येत नाही. मला भूक येते.

मास्तर परत आले तेव्हा बशीत पीचची कोय होती.

फळं कुठे गेली म्हणून त्यांनी विचारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मला तेव्हा इटालियनमध्ये वर, खाली, आत, बाहेर एवढंच यायचं. मी पोटावर हात ठेवला आणि म्हटलं, "देंत्रो." म्हणजे आत.

मास्तर चिडले नाहीत. दाढी खाजवत बराच वेळ विचार केला. मग मला त्या निळ्या कापडावर नेऊन बसवलं आणि वर्गाला सांगितलं की चित्र फळांचंच आहे, फळांनी फक्त जागा बदललीय, चला काढा. जेवणाची घंटा होईपर्यंत मी टेबलावर! नाकावर डास बसला तरी हलायचं नाही, फळं हलत नाहीत.

केविनचं चित्र सगळ्यात भारी झालं. ते हॉलमध्ये लावलं, खाली नाव: 'फळांची बशी'. शेवटच्या दिवशी आई त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "कुणाचा तरी मुलगा अगदी तुझ्यासारखाच खादाड दिसतोय रे."

*

रविवारी घरून फोन यायचा. पहिल्याच फोनवर बाबा म्हणाले, "बोलून दाखव बघू इटालियन."

मला तर धड काही येत नव्हतं. पण फोनच्या वर भिंतीला आठवड्याचा मेनू चिकटवलेला होता. मी तो म्हणायला सुरुवात केली. सोमवारच्या सूपपासून निघालो, मध्येच प्रश्न विचारल्यासारखा सूर चढवला, शनिवारच्या माशापाशी जरा हळवा झालो. मग बाबा आईला म्हणताना ऐकू आले, "अगं, फाडफाड बोलतोय की!"

त्या रविवारी अकोला फार लांब वाटलं.

पुढच्या रविवारी परत तोच कार्यक्रम. मी नवा मेनू घेतला. भरल्या वांग्यांवर एवढा जीव ओतून बोललो की माझेच डोळे भरून आले. मला काय माहीत, की बाबांनी ऑफिसमधल्या रिकोकाकांना घरी बोलावून दुसऱ्या फोनवर बसवलंय, आणि हे रिकोकाका मूळचे नेपल्सचे!

रिकोकाकांनी रिपोर्ट दिला की उच्चार झकास आहेत. पण पोराला तिथे उपाशी ठेवत असावेत, खाण्याशिवाय दुसरं काही बोललाच नाही.

बाबांनी फोन हातात घेतला. आवाज एकदम गोड. मला तेवढ्यानेच घाम फुटला.

"पराग," ते म्हणाले, "अकोल्यात अप्पाने तुझी कॉट तयार करून ठेवलीय हं. खिडकीपाशी."

*

परीक्षा शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणात. सगळ्यांचे आईबाप येणार, हॉलमध्ये प्रत्येक पोराचं वेगळं टेबल. पोराने यजमान व्हायचं, एका टीचरने पाहुणा. सूपपासून कॉफीपर्यंत पाहुण्याशी इटालियनमध्ये गप्पा मारायच्या आणि आईबापांना सगळं समजावून सांगायचं. गप्पा टिकल्या तर पाहुणा 'प्रोमोस्सो' म्हणणार, म्हणजे पास. गप्पा संपल्या तर कॉफीच्या आधीच उठून जाणार, म्हणजे नापास. बाकीच्यांना साधे टीचर मिळाले. ज्याचं काही खरं नाही त्याला सिन्योराबाई. असा मी एकटाच होतो.

सूप आलं. मी सांगितलं की आज ऊन आहे. तळं मोठं आहे. पाणी गार आहे. मासे पाण्यात आहेत. सूप संपायच्या आधी माझं इटालियन संपलं.

सिन्योराबाईंनी पालकाच्या लझान्याचा एवढासा तुकडा घेतला, तो संपवला आणि नॅपकिनची घडी घालायला लागल्या. बाबा त्या घडीकडे बघत होते. मी बाबांकडे बघत होतो. खिडकीपाशीची कॉट मला स्पष्ट दिसत होती.

आईला परीक्षेचं काही पडलेलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं की पाहुणी अर्ध्या पोटी उठतेय.

"अरे, त्यांनी काहीच घेतलं नाही," ती म्हणाली. "बघत काय बसलास? वाढ ना."

मी वाढलं. सिन्योराबाई नको म्हणाल्या, इटालियनमध्ये. मी का नको विचारलं, इटालियनमध्ये. पोट भरलं. कसं भरलं, चिमणीएवढं तर खाल्लंत. पुरे आता. पुरे कसं, हा आईसाठी एक घ्या. घेतला. मग बाबांना वाईट वाटेल, बाबांसाठी एक. तेरेसामावशी दारातून बघताहेत, त्यांच्यासाठी एक. हा कोपऱ्यातला, कुरकुरीत, हा तर तुमच्याचसाठी ठेवला होता. आई मराठीत सुचवत होती, मी मिळेल त्या शब्दांत पुढे ढकलत होतो. यार, आग्रहाला कुठे व्याकरण लागतं? घ्या आणि नको, नको आणि घ्या, त्यावर आमच्याकडे अख्खी लग्नं पार पडतात!

आजूबाजूच्या टेबलांवर काट्याचमच्यांचे आवाज. शिल्पासुद्धा हवामानावर अडकली होती. आमच्या टेबलावर मात्र बाजार भरलेला.

बाबांनी मला कोपराने ढोसलं आणि अभ्यासाचं विचारायला सांगितलं. मी सिन्योराबाईंना विचारलं, लझान्या कसा आहे?

"ओत्तिमो," सिन्योराबाई म्हणाल्या.

बाबांना भाषांतर लागलंच नाही; ओत्तिमो म्हणजे उत्तम, आणि तेही पोराचा अभ्यास! शर्टाची कॉलर सारखी केली, खुर्ची मागे सारून उभे राहिले आणि वाढायचा चमचा माझ्या हातातून काढून घेतला. इथे माझी सुटका झाली, कारण बाबा म्हणजे आमच्या घराण्यातले जिलबी वाढणारे. त्यांच्या हातात चमचा आला की मांडवातली माणसं आधी बेल्ट सैल करतात.

सिन्योराबाईंनी दोन्ही हात बशीवर आडवे धरले. आईने मायेने त्यांची करंगळी उचलली. तेवढ्या फटीतून बाबांनी वाढलं.

कॉफी आली. कॉफी गार झाली. दुसरी आली. केविन आणि त्याचे आईबाप आपलं टेबल सोडून आमच्याभोवती उभे. सिन्योराबाईंचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला, श्वास लागला, आणि एकदम दोन्ही हात वर करून त्या मला म्हणाल्या, "प्रोमोस्सो! पराग, प्रोमोस्सो!"

बाबांचा चमचा हवेत थांबला. त्यावर लझान्याचा भलामोठा तुकडा.

"काय म्हणतायत रे?"

मी सिन्योराबाईंकडे बघितलं. मग बाबांकडे.

"मघापासून लाजत होते म्हणतायत," मी म्हणालो. "अजून एक वाढा."