नियंत्रित गटातली बायको

पूर्णवाक्य सर हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं होतं आणि ते सरांना ठाऊक होतं. वर्गात कुणी "सर, पाणी पिऊन येऊ?" असं विचारलं की सर म्हणायचे, "इंग्रजीत. आणि पूर्ण वाक्यात." बिचारा वाक्य जुळवत उभा राहायचा, तोवर तास संपायचा. कॉलेजात तीस वर्षं त्यांनी अशीच इंग्रजी शिकवली. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं इंग्रजीत रजेचा अर्ज लिहीत, तक्रार लिहीत, उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं देत. फक्त कुणी इंग्रजी बोलणारा समोरून येताना दिसला की ती रस्ता ओलांडून पलीकडे जात. सरही जात, पण सहज सावलीतून चालावंसं वाटलं असा चेहरा करून.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना सरांनी डॉक्टरेट करायचं मनावर घेतलं. ज्ञानाची तहान वगैरे म्हणायला ठीक आहे, पण खरं कारण स्टाफरूममध्ये पंख्याखाली होतं. तिथे विभागप्रमुखाची खुर्ची होती, आणि डॉक्टरेट नसलेल्याला ती मिळत नव्हती. एक प्रमुख गेला, त्याच्या जागी सरांचाच एक जुना विद्यार्थी बसला. तो आता सरांना वेळापत्रक लावून देई आणि वर "सर, तुम्हाला चालेल ना?" असं आदराने विचारी. तो आदर सरांना फार झोंबायचा.

प्रबंधाचं शीर्षक होतं, 'परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांच्या संभाषणक्षमतेवर संवादाधारित अध्यापनपद्धतीचा होणारा परिणाम: एक प्रायोगिक अभ्यास'. ते एका दमात म्हणता येत नव्हतं, त्यामुळे समितीने लगेच मंजूर केलं. मार्गदर्शक बाई मोठ्या विद्यापीठात होत्या. त्या फोनवरच भेटत आणि फोनवर बोलताना कायम काहीतरी खात असत.

"दोन गट करा," त्या कुरकुरीत काहीतरी चावत म्हणाल्या. "एकाला तुमच्या नव्या पद्धतीने शिकवायचं, तो प्रायोगिक गट. दुसऱ्याला जुन्याच पद्धतीने, तो नियंत्रित गट. एकाला औषध, दुसऱ्याला साखरेची गोळी. आणि लक्षात ठेवा, साखरेची गोळी खाऊन कुणी बरा झाला तर तुमचा प्रबंध गेला."

सरांनी कॉलेजात संध्याकाळचा मोफत वर्ग काढला. दुकानदार आले, रुग्णालयातल्या परिचारिका आल्या, वायरिंग करणारे आले, लग्नानंतर परदेशी जायची वाट पाहणाऱ्या मुली आल्या. तरी दोन्ही गट सारखे होईनात, एक माणूस कमी पडला. सर घरी येऊन कपाळाला हात लावून बसले, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, मी येऊ का?"

हे ती आज पहिल्यांदा म्हणत नव्हती. त्यांचा मुलगा परदेशात राहायचा, सून तिथलीच, आणि त्यांना एक नात होती. नातीला इंग्रजीखेरीज दुसरं काही येत नव्हतं आणि आजीला इंग्रजी सोडून सगळं येत होतं. व्हिडिओ कॉलवर दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या, हात हलवायच्या, मग तोंडं दुखायला लागली की फोन बंद व्हायचा. पुढच्या वर्षीच्या सुट्टीत नात पहिल्यांदा इकडे येणार होती. "ती येईल आणि मी तिच्यासमोर मुकी बसेन," बायको म्हणायची. "थोडं शिकवा ना मला." त्यावर सरांचं उत्तर ठरलेलं होतं: नवऱ्याने बायकोला शिकवायला घेतलं की आधी भांडण शिकून होतं.

पण आता गरज सरांची होती. बायकोने वहीला कव्हर घातलं, पेन्सिलीला टोक केलं आणि ती सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या बाकावर बसली. कोण कोणत्या गटात ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं होतं. कॉलेजच्या शिपायाने सगळ्यांच्या देखत चिठ्ठ्या उचलल्या. बायको नियंत्रित गटात गेली.

"म्हणजे मी काय करायचं?" तिने घरी आल्यावर विचारलं.

"काही नाही. पुस्तकातलं उतरवून काढायचं."

"आणि बोलायचं कधी?"

"बोलायचं ते दुसऱ्या गटाने."

तिने चिठ्ठी बदलून मागितली. सर म्हणाले, चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी, संशोधनात नातं नसतं. तीस वर्षांत परीक्षेच्या हॉलमध्ये त्यांनी स्वतःच्या भाच्याला पाणीसुद्धा प्यायला उठू दिलं नव्हतं, आणि ते अभिमानाने सांगायचे.

एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे दोन वर्ग सुरू झाले. अलीकडे एक तासिकेवर काम करणारा तरुण मास्तर फळ्यावर क्रियापदांची रूपं लिहायचा आणि बाकीचे ती उतरवून घ्यायचे. पलीकडे सर संवादाधारित पद्धत राबवायचे. म्हणजे संवाद सरच लिहून आणायचे, फळ्यावर उतरवायचे आणि गटाकडून पाठ करून घ्यायचे. दुकानदार गिऱ्हाईक व्हायचा आणि परिचारिका दुकानदार व्हायची. संवादात जिथे कंसात 'हसणे' असं लिहिलेलं असे तिथे सगळे एका सुरात हसायचे. भिंतीपलीकडे बायकोला वाटायचं, किती मजा चाललीय तिकडे.

तिने मग एक युक्ती काढली. नातीला फोन लावायचा आणि वर्गात उतरवलेलं एखादं वाक्य बोलून बघायचं. पहिल्याच दिवशी सरांनी ते ऐकलं आणि ते धावत स्वयंपाकघरात आले.

"अगं, काय करतेस? हा बाहेरचा संपर्क झाला. उद्या तुझे गुण वाढले तर कशामुळे वाढले ते कसं सांगणार मी? सगळा नमुना नासेल."

"मी माझ्या नातीशी बोलतेय."

"खुशाल बोल. पण इंग्रजीत नाही. परीक्षा होईपर्यंत एक शब्द नाही. प्रबंध झाला की मी स्वतः शिकवीन तुला, शब्द देतो."

बायकोने फोन ओट्यावर ठेवला. मुलगा लहान असताना याच माणसाने घरात फर्मान काढलं होतं की जेवताना फक्त इंग्रजी. मुलगा आणि बाप पानावर बसून इंग्रजीत बोलायचे, आणि ही मीठ हवं असलं तरी बोटाने दाखवायची. तो मुलगा पुढे इतकं छान इंग्रजी शिकला की तिकडचाच झाला, आणि त्याच्या पोरीच्या कानावर आपली भाषा कधी पडलीच नाही.

"तेव्हा इंग्रजीशिवाय बोलायचं नाही," ती म्हणाली. "आता इंग्रजीत बोलायचं नाही. मी बोलायचं कधी, तेवढं एकदा नीट सांगा."

 सर खोलीत गेले आणि कानाला हेडफोन लावून वर्गातल्या संवादांची रेकॉर्डिंग तपासायला बसले.

बायकोने मात्र नियम पाळला. आजीशी बोलायचं असेल तर आजीच्याच भाषेत, हा आजोबांचा नियम, असं तिने मुलाकरवी नातीला कळवलं. पोरीला तो खेळ वाटला. आजी फोनसमोर चमचा धरायची आणि म्हणायची, "चमचा." पोरगी तिकडून म्हणायची, "चमचा." मग बटाटा, मग कांदा, मग झाडू. सर मधूनच दारातून डोकावत. "इंग्रजी नाही ना?" "एक शब्द नाही," बायको पाठमोरीच सांगायची. सरांचं समाधान व्हायचं. बायको फोनसमोर एकटीच बडबडते असं त्यांना वाटे आणि तिची थोडी दयाही येई.

कधीकधी ती त्यांना हाक मारायची, "अहो, या ना, नात विचारतेय." सर शर्टाचं वरचं बटण लावून यायचे, घसा खाकरायचे आणि शुद्ध इंग्रजीत विचारायचे: तुझं नाव काय, तुझं वय काय, तुला काय आवडतं. पोरीने नुसतं नाव सांगितलं तर ते बोट वर करून म्हणायचे, "पूर्ण वाक्यात." पोरगी फोन टाकून पळायची. सर म्हणायचे, आजकालच्या मुलांची एकाग्रता कमी झालीय, यावरही कुणीतरी संशोधन करायला हवं.

वर्षअखेरीस परीक्षा झाली. प्रायोगिक गटाने बहार केली, कारण परीक्षेत सरांनी तेच संवाद विचारले होते. परिचारिका न सांगता हसलीसुद्धा. मग नियंत्रित गटाची तोंडी परीक्षा आली आणि टेबलापलीकडे बायको येऊन बसली. ठेवणीतली साडी नेसली होती. सरांनी इंग्रजीत नाव विचारलं, ते तिने सांगितलं. तुम्हाला काय आवडतं, असं विचारल्यावर ती अडली. तिच्या डोळ्यांत काहीतरी जुळत होतं, ओठ हललेही.

"जरा वेळ द्या," ती हळूच म्हणाली.

"नियमात बसत नाही," सर म्हणाले. त्यांनी शून्य मांडलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

वर्ग सुरू होताना घेतलेल्या चाचणीतले गुण आणि आजचे गुण तंतोतंत सारखे निघाले. बाकी गटात कुणाचे दोन वाढले, कुणाचे तीन, पण बायकोचे अर्ध्यानेही नाही. एवढा स्वच्छ नमुना सरांनी पुस्तकातही पाहिला नव्हता. मार्गदर्शक बाईंनी तर खाणं थांबवलं. "आदर्श," त्या म्हणाल्या. "अशी माणसं मिळत नाहीत हो." सर घरी येताना मिठाई घेऊन आले. आपण काही न शिकल्याचे पेढे खाणारी ती बहुधा जगातली पहिलीच विद्यार्थिनी असावी. तिने अर्धा खाल्ला आणि अर्धा खिडकीत ठेवून दिला.

सरांना वाईट वाटलंच नाही असं नाही. वाटलं, पण त्यावर त्यांच्याकडे तोडगा तयार होता. नात आली की दोघींच्या मधे आपण बसायचं. आजी बोलेल ते आपण इंग्रजीत सांगायचं, नात बोलेल ते आपल्या भाषेत. दोघींचंही आपल्यावाचून पान हलणार नाही. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी दिवाणखान्यात तीन खुर्च्या तशाच मांडल्या, मधली स्वतःची.

प्रबंध सादर झाला आणि पुढच्याच आठवड्यात नात आली. सर फाटकाशी स्वागताचं वाक्य घोकत उभे होते. प्रवास कसा झाला, वाटेत त्रास तर नाही ना झाला, सगळं एका वाक्यात, मधे दोन स्वल्पविराम. गाडी थांबली. मुलगा उतरायच्या आत पोरगी उतरली, सरांच्या कोपराखालून सटकली आणि घरात पळाली.

"आजी, तुझा मोठ्ठा चमचा कुठे आहे?"

"अगं, आधी चपला काढ," बायको म्हणाली. "आणि हात धू."

"धुते. पण चमचा दाखव. आणि झाडू पण."

सर फाटकाशीच थबकले. मुलगा बॅगा घेऊन मागून आला आणि हसला. "तुम्हाला माहीत नव्हतं, बाबा? वर्षभर तिने मला भंडावून सोडलंय. आजी हे काय म्हणाली, आजी ते काय म्हणाली. मलाच परत शिकावं लागलं सगळं."

सर आत आले. स्वयंपाकघरात दोघींचं तोंडाला तोंड लागलं होतं. कांदा कसा सोलायचा यावर वाद चालला होता आणि पोरगी माघार घेत नव्हती. मध्ये बसायला कुठे जागाच नव्हती. सर दारात उभे राहिले, घसा खाकरला आणि त्यांनी ते स्वल्पविरामाचं वाक्य म्हटलं. पोरीने ओठावर बोट ठेवलं.

"शू," ती म्हणाली. "या घरात इंग्रजी चालत नाही. आजोबांनीच सांगितलंय." मग तिने आजीचा पदर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "आजी, आजोबांना आपलं बोलता येतं का?"

"येतं," बायको म्हणाली. "पण सवय नाही."

"आणि ते माझं नाव दर वेळी का विसरतात?"

 बायको कांदा चिरत राहिली. सरांना एकदम लाज वाटली, आणि ती लपवायला हाताशी ना खडू होता ना हेडफोन. वर्षभर ही पोरगी फोनच्या पलीकडे बसून हेच समजत आली होती की आजोबांना आपण आठवतच नाही.

पोरीने मग जबाबदारी घेतली. तिने सरांचा हात धरून त्यांना दिवाणखान्यात नेलं, मधल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसली. परक्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "तुझं, नाव, काय?"

"आजोबा," सर म्हणाले.

पोरीने बोट वर केलं. "पूर्ण वाक्यात."

"माझं नाव आजोबा आहे."

"छान. तुला काय आवडतं?"

इंग्रजीत या प्रश्नाचं उत्तर सरांना पाठ होतं. वाचन आवडतं, बागकाम आवडतं, फावल्या वेळात फिरायला आवडतं. हजारो मुलांकडून त्यांनी ते घोकून घेतलं होतं. आपल्या भाषेत मात्र हे त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि आता खरं काय ते शोधावं लागणार होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीने शून्य मांडलं नाही आणि ती पुढच्या प्रश्नाकडेही गेली नाही. ती हनुवटीखाली दोन्ही मुठी घेऊन त्यांच्या तोंडाकडे बघत बसली.

आतून सुरीचा आवाज थांबला.

"जरा वेळ दे गं त्यांना," बायको म्हणाली. "आजच सुरुवात केलीय त्यांनी."