दिवाणखान्यातला प्रेस

वहिनींच्या घरी येणाऱ्याला दारातच सांगावं लागे, चपला काढू नका. चार घरी याच्या उलट सांगतात. पण इथे दिवाणखान्यात कातरलेल्या पत्र्याचे बारीक तुकडे सांडलेले असायचे, आणि ते एकदा अनवाणी पायात घुसले की तो पाहुणा पुन्हा त्या गल्लीत फिरकत नसे. आत आल्यावर पत्रा दाबायच्या प्रेसला वळसा घालायचा, तेलाच्या डब्याला धक्का लावायचा नाही आणि मालाच्या खोक्यावर बसायचं. बोलायचं ते प्रेसच्या दोन धपक्यांच्या मधे. घरातली माणसं त्यामुळे अर्ध्या वाक्यात बोलायला शिकली होती आणि गल्ली त्यांना तुसडी म्हणत होती. वहिनींना या गोष्टीचा भारी संताप यायचा, कारण लग्नाआधी त्या गप्पांसाठी प्रसिद्ध होत्या.

वहिनी म्हणजे नात्याने एकाच दिराच्या वहिनी. तो दीर नोकरीला परगावी गेला आणि हाक मागे राहिली. ऑपरेटर, माल न्यायला येणारा टेंपोवाला, शेजारीपाजारी, सगळ्यांच्या त्या वहिनीच. नवऱ्याला लोक सेटिंगशेठ म्हणत. शेठ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं, सेटिंग मात्र होती. प्रेस एकदा नीट माल देऊ लागला की त्याला हात म्हणून लावायचा नाही. या धंद्यात ही धास्ती सगळ्यांनाच असते, पण शेठनी तिचा धर्म केला होता. प्रेसखाली केरसुणी गेली तरी ते न्हाणीघरातून ओरडत, सेटिंग हलेल.

वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा दिवाणखाना दिवाणखानाच होता. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, दुपारी तिच्यातून येणारा उजेड, आणि दाराकडे थोडी उतरती फरशी, म्हणजे बादलीभर पाणी ओतलं की खोली आपोआप धुतली जाई. त्या खिडकीवरच त्यांनी हे स्थळ पसंत केलं होतं, नवऱ्याकडे फारसं न बघता. पुढे त्या म्हणायच्या, नवऱ्याकडे बघायला हवं होतं.

मग शहराबाहेरच्या माळावर गाड्यांचा मोठा प्लांट आला. गाडी प्लांटने जोडायची आणि बारीकसारीक भाग बाहेरून घ्यायचे, असा त्यांचा हिशेब. शेठ तेव्हा एका गॅरेजात फिटर होते. त्यांनी कुठून कशी ओळख काढली देव जाणे, पण हॉर्न ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी करून द्यायचं काम आणलं. पट्टीला एक भोक आणि एक वळण, बस. जुना प्रेस विकत आणला आणि चार दिवसांसाठी म्हणून दिवाणखान्यात उभा केला. फरशी उतरती, त्यामुळे प्रेसचा एक पाय अधांतरी राहिला. शेठनी त्याखाली लोखंडी पाचर ठोकली, पहिली पट्टी दाबून बघितली, डोळ्यापुढे धरली आणि म्हणाले, जमली सेटिंग. झालं. त्या क्षणी दिवाणखाना गेला, पण वहिनींना ते कळायला बरीच वर्षं लागली.

कारण सगळीकडे तेच चाललं होतं. भांडी ठोकणारा होता तो सायलेन्सरची नळकांडी ठोकू लागला. गाद्या शिवणारा सीटची कव्हरं शिवू लागला. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने पंक्चरची पाटी उतरवली आणि रबरी वायसर कापायला घेतले. गल्लीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत हातात पिशवी घेऊन चालत गेलं असतं तर अर्धी दुचाकी गोळा झाली असती. मुलींना स्थळं सांगून येत तीही तशीच. मुलगा काय करतो, तर ब्रेकमध्ये आहे. तो दुसरा बरा, पण त्याच्या घरचं नुसतं नटबोल्टचं आहे. पैसा आला, हे वहिनींनाही मान्य होतं. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन त्यातूनच झालं. पण आलेल्या पैशाने घरात माणसासाठी एक खुर्ची आली नाही. आलं ते ड्रिल मशीन, आणि ते व्हरांड्यात बसलं. मग कडा घासायचं मशीन आलं, ते स्वयंपाकघराच्या दारात. तयार माल कॉटखाली, कच्चा पत्रा कॉटच्या उशाशी. पिठात लोखंडाचा कीस निघाला तेव्हा वहिनींनी पिठाचा डबा शेठपुढे आदळला. शेठनी चिमूट उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, हा आपला नाही, हा शेजारचा, आपला कीस इतका जाड नसतो.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सासूबाईंकडून मदतीची आशा नव्हती. नव्या डोळ्यांनी त्या दिवसभर मांडीवर सूप घेऊन पट्ट्या निवडत बसत आणि डागी पट्टी सापडली की ऑपरेटरची सात पिढ्यांची चौकशी करत. मुलगी मोठी झाली ती प्रेसच्या तालावर पाढे म्हणत. तिच्या वहीवर तेलाचे डाग, म्हणून शाळेतून चिठ्ठ्या यायच्या. वहिनींचं मागणं एवढंच होतं, माझा दिवाणखाना मला परत द्या. दर नव्या ऑर्डरीला शेठ सांगत, एवढी ऑर्डर निघू दे, शेड घेऊ. ऑर्डर निघे आणि तिच्यामागे दुसरी उभी असे. वहिनींनी बोलून बघितलं, अबोला धरून बघितला. अबोल्याचा काही उपयोग नव्हता, कारण त्या आवाजात तो शेठना ऐकूच आला नाही.

आणि मग एकदाची शेड झाली. माळाजवळ कारखान्यांची नवी वसाहत आखली होती, तिथे गल्लीतल्या बऱ्याच जणांनी जागा घेतल्या, शेठनीही घेतली. उंच छत, चारी बाजूंना खिडक्या, गुळगुळीत सपाट फरशी, पाण्याची टाकी, मागे एक छोटी कचेरी. प्रेस ट्रॉलीवर चढला आणि दारातून बाहेर पडला, तेव्हा वहिनींनी दार लावून घेतलं, न जाणो त्याचा विचार बदलला तर. मग त्यांनी दिवाणखाना सोडा घालून घासला, बादल्यांवर बादल्या ओतल्या. शेजारणीकडून खुर्ची मागून आणली आणि खिडकीशी ठेवून बसल्या. खोली इतकी मोठी होती हे त्या विसरूनच गेल्या होत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला त्यांनी हाक मारून उगाच कशी आहेस विचारलं आणि तिचं सगळं उत्तर ऐकून घेतलं.

चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी ट्रॉली परत आली.

झालं होतं ते असं. शेडमधल्या सपाट फरशीवर प्रेस चारी पायांवर सरळ उभा राहिला आणि पट्ट्या वाकड्या येऊ लागल्या. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, घासून देणारा कारागीर आला, त्याने खाली बसून बघितलं आणि सांगितलं की इतकी वर्षं पाचरीवर उभं राहून सांगाडा पिळला आणि त्या पिळातच डाय झिजली. आता सरळ उभं केलंत तर माल वाकडाच येणार. नवी डाय करून घ्या. पण नवी डाय म्हणजे प्लांटकडे नवा नमुना, नवी तपासणी, आणि तोवर माल बंद. ते ऐकून शेठचा चेहरा पडला. मग त्यांनी जे केलं ते या धंद्यातला माणूसच करू जाणे. त्यांनी गवंड्याला घरी आणून दिवाणखान्याचा उतार पाण्याच्या नळीने मोजून घेतला आणि शेडची नवी कोरी फरशी एका कोपऱ्यात फोडून तसाच उतार करवून घेतला. पाचरही तीच नेली. पट्ट्या तरीही जरा वाकड्याच. तेव्हा शेठनी निकाल दिला की दोष फरशीचा नाही, जागेचा आहे, आणि प्रेस घरी आणला. पाचर ठोकता ठोकता वहिनींची मागून आणलेली खुर्ची त्यांनी पायाने बाजूला सरकवली. पहिलीच पट्टी अशी काही सरळ आली की शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींच्याही आलं, पण ते वेगळ्या कारणाने.

आता एकच आशा उरली होती, प्लांटचे साहेब. शेठनी शेडबद्दल आधीच बढाई मारून ठेवली होती, त्यामुळे साहेब बघायला येणार हे ठरलेलं होतं. वहिनींनी हिशेब केला, एवढा शिकलेला माणूस, कोट घालून येणारा, राहत्या घरात प्रेस बघितला की शेठची खरडपट्टी काढेल आणि मशीन त्याच दिवशी बाहेर जाईल. साहेबांनी रिकामी शेड बघितली, कोपऱ्यातला उतार बघितला आणि घरी आले. वहिनींनी त्यांना खोक्यावर बसवलं, चहा दिला आणि प्रेस बंद करायला लावून इतक्या वर्षांचं सगळं सांगितलं. कीस, तेल, पोरीच्या वह्या, सासूबाईंचं सूप, काही ठेवलं नाही. साहेब मान डोलवत ऐकत होते. वहिनींना वाटलं, सुटले.

मग साहेबांनी मूठभर पट्ट्या उचलल्या आणि खिशातून मापाचं साधन काढलं. एक पट्टी मापली, दुसरी मापली, मग मापतच राहिले. शेवटी शेठकडे वळून म्हणाले, “असा एकसारखा माल मला सगळ्या वसाहतीत कुणी दिलेला नाही. हे मशीन इथून हलवायचं नाही. हलवायचंच असेल तर आधी आम्हाला कळवायचं, आम्ही पहिल्यापासून सगळं तपासू.”

“आणि मी?” वहिनींनी विचारलं.

साहेबांना प्रश्न कळला नसावा. त्यांनी सुरक्षेचं सांगायला घेतलं. प्रेसभोवती पिवळा पट्टा मारून घ्या, आग विझवायचं नळकांडं लावा, आणि दारावर पाटी हवी, परवानगीशिवाय आत येऊ नये. मॅडम, तुमच्याच भल्यासाठी आहे, असंही म्हणाले. शेठ प्रत्येक वाक्याला हो जी, हो जी करत होते.

दुसऱ्याच दिवशी पाटी लागली. शेठनी ती गवंड्याची पाणसळ लावून अगदी सरळ ठोकली. पट्ट्या सोडल्या तर घरात सरळ असलेली ती एकच वस्तू. वहिनी बाजारातून आल्या, दोन्ही हातांत पिशव्या, आणि स्वतःच्या दारात उभं राहून त्यांनी पाटी वाचली. आत ऑपरेटर पिवळा रंग देत होता. तो म्हणाला, वहिनी, जरा थांबा, पट्टा ओला आहे, मागून या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग, स्वतःलाही नवल वाटावं इतक्या झटक्यात, ती शांत झाली. रुसून माहेरी जाण्याचं वय गेलं होतं, आणि माहेरच्या पडवीत आता भाऊ आरशाच्या दांड्या वाकवत होता. पण मोकळी जागा एक होती.

त्यांनी टेंपोवाल्याला थांबवलं. तो पट्ट्या न्यायला आला होता, त्याने कॉट, गाद्या, भांडी, पिठाचा डबा आणि मुलीची पुस्तकं चढवली. मुलीने विचारलंही नाही कुठे, ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. सासूबाईंना चलता का विचारलं, त्या कुरकुर करतील असं वाटलं होतं. पण त्यांनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं, साडी झटकली, पट्ट्या जमिनीवर खणखणल्या, आणि म्हणाल्या, “मला वाटलं, तू कधी विचारतेस की नाही.” शेठ प्रेसखाली वाकून पाचर तपासत होते. वहिनींनी त्यांना जाते म्हणून सांगितलं. ते हं म्हणाले.

शेडमध्ये कॉट खिडकीशी लागली. कचेरीत स्वयंपाकघर झालं. तो फोडून केलेला उतार न्हाणीला इतका सोयीचा निघाला की बघत राहावं, पाणी एका दमात बाहेर. तिघी दिवसभर मोठमोठ्याने बोलत होत्या, मग मुलीच्या लक्षात आलं की ओरडायची गरज नाही, आणि तिघींनी आवाज खाली आणला. सासूबाई लहानपणी गात असत, हे वहिनींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दिवेलागणीला शेठ आले. बहुधा भूक लागल्यावर घर रिकामं असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं असावं. एका बगलेत उशी होती. दुसऱ्या हातात पट्ट्यांची पेटी. ते शटरखाली वाकून आत बघत राहिले. छत, खिडक्या, एवढी मोकळी फरशी. ती नजर वहिनी ओळखून होत्या. त्या पुढे झाल्या आणि वाटेत उभ्या राहिल्या.

“पेटी आत येणार नाही,” त्या म्हणाल्या.

“अगं, नुसती निवडायची आहे. आईला जरा—”

“उशी येईल. पेटी घेऊन यायचं असेल तर उशी घेऊन परत जा. दोन्हीतलं एक.”

शेठनी उशीकडे बघितलं, मग पेटीकडे. पेटी उघडी होती, वरची पट्टी लखलखीत आणि अगदी सरळ. वहिनी थांबल्या. त्यांना वाटलं होतं, या प्रश्नाला विचार लागत नाही. नवरा इतकी वर्षं खुळा होता, पण अगदीच परका नव्हता, तो पेटी टाकून आत येईल आणि भूक लागली म्हणेल.

शेठ विचार करत उभे होते. चांगलाच वेळ उभे होते. आतून सासूबाईंनी हाक मारली, अन्न निवतंय. वहिनी वळल्या आणि तिघींची ताटं वाढायला लागल्या.