मशीनची पाठवणी

नागापूरच्या एमआयडीसीत लोखंडाशी झगडणारे हजारो आहेत, पण लोखंडाचे लाड करणारा माणूस आमच्या मामांखेरीज दुसरा झाला नसेल. मामा माझे कोणी लागत नव्हते; ते अख्ख्या कारखान्याचेच मामा. मूळचे काष्टीचे. आपल्या मिलिंग मशीनला ते ‘बाय’ म्हणत. सकाळी आधी तिची विचारपूस, मग बटण. कोणी तिच्यावर डबा ठेवला तर दोन दिवस अबोला. एकदा मॅनेजरसाहेबांनी हेल्मेट ठेवलं, तर मामांनी ते उचलून मुकाट्याने त्यांच्याच हातात दिलं आणि साहेब बिचारे मशीनकडे बघून सॉरी म्हणाले. दुपारी तीनला पाळी बदलताना मशीन दुसऱ्याच्या हाती द्यायची म्हणजे मामांच्या लेखी लेक सासरी धाडायची. खिशातल्या डबीतलं कुंकू तेलकट बोटाने तिला लावल्याशिवाय ते गेटबाहेर पडत नसत.

मी तिथे नवीन इंजिनिअर. एक बिघाड शोधायला पाच जणांचा गट करून मला लीडर नेमलं होतं, आणि त्या एका शब्दाने मी फार फुगले होते. दुपारच्या पाळीतले सुरुवातीचे जॉब, म्हणजे मशीनवर कापायचे लोखंडी तुकडे, किंचित तिरपे कापले जात. सकाळचा एकही नाही. मी रंगीत तक्ते काढले, चार मीटिंगा घेतल्या आणि निष्कर्ष लिहून मोकळी झाले: दुपारचा ऑपरेटर निष्काळजी आहे. तो शेवगावचा, कंत्राटी, दोन लेकरांचा बाप. शनिवारी माझा अहवाल मंजूर झाला की त्याची नोकरी जाणार, हे मला ठाऊक होतं. मामा गटात होते, पण मीटिंगमध्ये शेंगदाणे खाण्यापलीकडे काही करत नसत. फार विचारलं तर म्हणत, “आधी नीट बसव, मग आवळ.” जॉब मशीनवर चढवतानाचं हे वाक्य ते भाचीच्या लग्नापासून माझ्या अहवालापर्यंत कुठेही वापरत. मला त्याचा राग यायचा.

त्या आठवड्यात मामा पाळी संपल्यावरही घरी जाईनात. पालथ्या क्रेटवर बसून दुपारच्या ऑपरेटरचे हात बघत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी न धुतलेला जॉब तसाच माझ्या टेबलावर आणून ठेवला. खालच्या अंगाला लाल ठिपका होता. जॉब पकडायचं फिक्श्चर महिन्यापूर्वी नवं आलं होतं. जुन्यावर मामा कुंकू लावायचे ती जागा मोकळी असे. नव्यावर जॉब नेमका तिथेच टेकत होता. तेला-कुंकवाचा थर खाली आला की जॉब केसभर कलायचा, आणि तासाभरात मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या धारेने थर धुऊन गेला की सगळं सुरळीत. जॉबही तपासणीला धुऊनच येत, म्हणून लाल रंग कोणाला दिसलाच नव्हता.

मामांचा चेहरा बघवेना. फिक्श्चरवर घाण होती एवढंच लिहू, असं मी सुचवलं. त्यांनी ऐकलं नाही. शनिवारी सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “सायेब, ह्या मान्साचं नाव खोडा. बोट माझं हाय.”

कोणी हसलं नाही. मग मीही उठले आणि सांगितलं की मशीनपाशी एकदाही उभं न राहता ते नाव मी लिहिलं होतं. लीडर म्हणून मी केलेलं ते पहिलं काम. शेवगावचा माणूस राहिला, आणि यापुढे कुंकू मशीनच्या मोटारीच्या झाकणावर लावावं असा ठराव गटाने एकमताने केला. बायला विचारून मामांनी तो मान्य केला.

दोन वर्षांनी मला पुण्यात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तीन वाजता मामांनी झाकणावर कुंकू टेकवलं आणि बोटावर उरलेलं माझ्या कपाळाला लावलं. मग एक पाऊल मागे सरून, मान वाकडी करून बघत राहिले.

“मामा, काय झालं?”

“काय न्हाई पोरी. जागा बराबर हाय का, ते बघतो.”