पडद्यातल्या भिंतींना पाणी मारणारे मामा

ज्या जगात खोदकाम न करता, सिमेंट न कालवता भिंत उभी राहते, त्या जगातही तीन हात खाली उतरून पाया भरणारा माणूस साऱ्या मानवजातीत एकच असेल, आणि तो आमच्या ताईचा सासरा आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. आमच्या घरी गोष्टींच्या पुस्तकांआधी जाहीरनामे येत. त्यामुळे कुणाच्या बाजूने आणि कुणाच्या विरोधात उभं राहायचं, हे मला एरवी चटकन कळतं. या एका माणसाबद्दल मात्र मी तीन वेळा पत्रक लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा ‘बंधूंनो आणि भगिनींनो’च्या पुढे गेलो नाही.

ताई त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणतो. त्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. शिंगणापूरपासून घोडेगावपर्यंत रस्त्याने जाताना दर दोन-चार घरांआड एक घर त्यांच्या हातचं. मग एकदा परांचीवरून पडले, उजवं मनगट गेलं आणि थापी सुटली. घरी बसून सुनेच्या भाकरीचा काठ सरळ आहे का, हे तपासू लागले, तेव्हा ताईने त्यांना घोडेगावातल्या आपल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात आणून बसवलं. तिथे कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर आहे. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला आलेली कॉलेजची एक मुलगी, साइट बंद पडली म्हणून, त्यावर ठोकळ्यांचा खेळ खेळत बसली होती. मूळ प्रसिद्ध खेळाची ही नक्कल. काही उतरवून घ्यावं लागत नाही, ब्राउझर उघडला की सुरू. मामा तिच्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, सांधमोड न्हाई केली तू, सांध्यावर सांधा आलाय. भिंत चिरंल की.” मुलगी घाबरून उठली. मामा बसले, ते बसलेच.

डाव्या हाताने माउस धरून मामा जे करतात त्याला खेळणं म्हणावं की नाही, याबद्दल मी गोंधळलेलो आहे. ते पडद्यासमोर खराखुरा ओळंबा सोडतात. एकदा भिंत ओळंब्यात बसेना. तासभर डोकं लावल्यावर त्यांनी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. झाडाचं खोड तोडलं तरी शेंडा हवेत तसाच तरंगतो, हे पाहून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. “ह्यो परकार मला पटत न्हाई,” एवढंच म्हणत राहिले. प्रत्येक छपराखाली त्यांनी टेकू दिलेत. आणि पाणी! बांधलेल्या भिंतीला सात दिवस पाणी मारायचं म्हणजे मारायचं. त्या खेळात बादली ओतली की पाणी आपलं वाहतच राहतं. परिणामी मामांच्या गावात दर आठवड्याला पूर येतो, गहू वाहून जातो, मशाली विझतात.

“मामा, काल परत सगळं गाव बुडवलं तुम्ही,” ताई म्हणाली.

“बुडू दे. भिंत पक्की झाली का न्हाई?”

“त्या भिंतीला पाणी लागत नाही हो!”

“असं म्हननाऱ्याचीच घरं गळत्यात.”

दुसरी गोष्ट दारांची. त्या जगात अंधार पडला की हिरवी मढी घरात शिरतात. मामांचा जन्म शिंगणापूरचा, जिथे देवाच्या भरवशावर घरांना दारंच लावत नाहीत. ते चौकट बसवतात, दार नाही. मी म्हणालो, “मामा, ही निव्वळ श्रद्धा आहे, आणि शिवाय तिथे त्या देवाचा काय संबंध?” मग मी चांगली दहा मिनिटं बोललो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाव्हनं, तुमचं भाषन चालू द्या. तवर म्या तलवार घिऊन हुबा ऱ्हातो.” आणि खरंच, खेळातली रात्र सरेपर्यंत ते एकेका उघड्या घरापुढे पहारा देत फिरले. दार लावत नाही आणि देवावरही सोडत नाही, अशा माणसाला कुठल्या गटात टाकायचं?

“पण हा खेळ संपतो कधी? जिंकतं कोण?” मी एकदा वैतागून विचारलं.

“गाव कधी जिंकतं व्हय?” मामा म्हणाले. मग आवाज बारीक करून म्हणाले, “ही माजीच घरं हायती. म्या बांधलेली. पयल्यापासनं एकेक लावतोय. लई पाडली लोकांनी, बंगले केले. आता मला बी मधलं मधलं आठवंना झालंय. डोक्यातनं जायच्या आत एकदा समदी हुबी करतो.”



आणि त्याच आठवड्यात मी तो गुन्हा केला. ताई बँकेत गेली होती, दुकान माझ्यावर होतं. एका बाईंचा फॉर्म भरताना भलत्याच माणसाचा आधार नंबर आपोआप उमटला. माझं रक्त तापलं. गरिबाची माहिती अशी उघड्यावर! दोन्ही कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं मी पुसून काढलं आणि भिंतीवर तशी सूचनाही चिकटवली. दुसऱ्या दिवशी मामांनी खेळ उघडला. समोर हिरवं माळरान, चार मेंढ्या. एक घर नाही.

ताईने आधी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या सूचनेकडे. “अरे, त्यांचं गाव त्या ब्राउझरमध्येच साठत होतं रे!” ती हळूच म्हणाली.

मामांचा डावा हात माउसवर तसाच. मी पुढे गेलो. “मामा, मी पुसलं. माझी चूक आहे.”

“समदं?”

“सगळं.”

“शाळंची कंपाउंड भिंत बी?”

“ती पण.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. रागावतील म्हणून मी मान खाली घातली होती. वर पाहिलं तर त्यांचा चेहरा सैल पडत होता. “तुमी व्हय,” ते म्हणाले. “मला वाटलं, माज्याच डोक्यातनं गेलं. म्हनलं, काल म्या हितं खरंच कायतरी बांधलं हुतं का नुसतंच वाटतंय.”

नंतर त्यांनी मला स्टूल ओढायला लावलं. मी वही काढली. म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहून ठेवतो, आता कुणी पुसणार नाही. “पयलं घर,” मामा म्हणाले. मालकाचं नाव सांगितलं, दगड कुठून आणला तेही सांगितलं. मग एक ठोकळा ठेवला. काढला. माळावर दुसरीकडे ठेवला, तोही काढला. बराच वेळ त्यांचं बोट नुसतंच हललं.

“पाव्हनं,” त्यांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, “तोंड कुठं हुतं वो त्या घराचं?”

मी ते घर पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच ते पाडलं होतं.

“पूर्वेला,” मी म्हणालो.

“व्हय, पूर्वंलाच,” मामा म्हणाले आणि पाया खणायला लागले.