भैयाजी बांतेंचा धूमकेतू

भैयाजी बांते आमच्या गावचे लाइनमन. दिवसभर खांबावर चढणारा माणूस खाली उतरल्यावर तरी जमिनीकडे बघेल, असा माझा समज होता. हा गडी उतरूनही वरच बघायचा. मोहाडीकडच्या आमच्या गावाला मोठा तलाव आहे. दिवस मावळला की भैयाजी तलावाच्या पाळीवर दुर्बीण लावून धूमकेतू शोधत बसायचे. मी शेजारी, त्यामुळे मी भरपूर हसून घेतलं. पण धूमकेतूला शोधणाऱ्याचं आडनाव देतात हे कळलं, तेव्हापासून हसू आवरतं घेतलं. भैयाजी-कलाबाईंना मूलबाळ नाही. "बांते नाव खालतं त आमच्यासंगच सरते," ते एकदा म्हणाले, "वरतं राहिलं त राहिलं."

गेल्या दिवाळीनंतर त्यांना तलावापलीकडे, क्षितिजाच्या अगदी जवळ, एक पुसट ठिपका दिसला. त्यांच्या जुन्या नकाशात तिथं काहीच नव्हतं. पण ठिपका दुसऱ्या संध्याकाळी सरकलेला दिसावा लागतो, तरच तो धूमकेतू. आणि दुसऱ्या दिवशी नेमकी आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. मंडईला घरोघरी पाहुणे येतात, आणि पाहुण्याला सोडून घरधनी निघून गेला तर वर्षभर बोलणी खावी लागतात. कलाबाईंचा भाऊ लाखांदूरहून आला होता.

"आजच्या दिवस नोका जाऊ जी," कलाबाई म्हणाल्या. "भाऊ काय म्हणन?"

भैयाजी घरीच थांबले. पाहुण्यांसोबत चहा घेताना त्यांचं तोंड मात्र पश्चिमेकडेच होतं.

तिसऱ्या दिवशी ठिपका सरकलेला होता. भैयाजी धावतच आमच्याकडे आले, कारण माझी मुलगी प्रतिक्षा नागपूरला भौतिकशास्त्र शिकते आणि तेव्हा सुट्टीत घरी होती. धूमकेतूंची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला कळवायच्या आधी तिनं मोबाइलवर शोधलं. "काका, हा आधीच सापडून गेला," ती म्हणाली. पुढचं काही न ऐकता ते उठून गेले.

एका दिवसानं हुकलं, असं नवरा-बायको दोघांनीही धरलं. भैयाजी घरात बोलेनासे झाले. कलाबाईंनी भावाला फोन करून पुढच्या मंडईला येऊ नको म्हणून सांगितलं, आणि भिंतीपलीकडे त्या रडत होत्या ते मला ऐकू आलं. मला राहवलं नाही. प्रतिक्षाला घेऊन मी पाळीवर भैयाजींकडे गेलो.

तिनं समजावून सांगितलं. चिलीतल्या डोंगरावर एक मोठी दुर्बीण आहे, ती सगळं आकाश पुन्हा पुन्हा टिपते, आणि काय सरकलं ते संगणकच शोधतो. हा धूमकेतू त्या दुर्बिणीनं आखाडातच धरला होता. तेव्हा तो इतका अंधुक होता की भैयाजींच्या दुर्बिणीत दिसलाच नसता.

"म्हणजे मंडई नसती, तरी?"

"तरी तेच, काका."

मला भयंकर राग आला, पण चिलीतल्या डोंगराशी भांडायचं कसं?

"एका दिवसानं हुकलं, हे तरी होतं माह्याजवळ," भैयाजी म्हणाले. मग दुर्बीण तिथंच ठेवून घरी निघाले. आम्ही मागोमाग.

कलाबाई अंगणात धान पाखडत होत्या.

"भावाले फोन कर," भैयाजी म्हणाले. "मंडईले ये म्हणा. तुह्यानं काही गेलं नाही."

कलाबाईंचा सूप धरलेला हात थांबला. "मंग कायनं गेलं जी?"

"जायाले त माह्याजवळ कधी आलंच नोहोतं, कला."