दुधातला एक चमचा

“पार्किन्सन्स आहे,” परळच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला आधी आठवला तो कॅरम. आमच्या लालबागच्या चाळीत रविवारी ह्यांचा डाव ठरलेला. स्वतः स्ट्रायकर मारताना हात स्थिर. समोरच्याची पाळी आली की मांडीवरचा हात थरथरायचा. मी म्हणायची, “हरायची भीती, दुसरं काय!” त्या थट्टेची आजही लाज वाटते.

ह्या थरथरीला ‘रेस्टिंग ट्रेमर’ म्हणतात, म्हणजे हात स्वस्थ असतानाच येणारा कंप. मेंदूत डोपामीन नावाचं द्रव्य कमी पडतं, त्यामुळे हे होतं.

तिथेच एक क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधाची माणसांवरची चाचणी, चालू होती. औषध खाजकुयलीच्या बियांचं! गावी मालवणला आमच्या कुंपणावर चढते आणि अंगाला लागली की रडवते, तीच वेल. तिच्या बियांतल्या द्रव्याचं मेंदूत डोपामीन होतं म्हणे. ह्यांना कोण अभिमान! “आपल्या कुंपणावरचा औषध खरा ठरता काय, ता माझ्यावर बघूदेत,” म्हणाले आणि सही केली.

कुणाच्या कॅप्सूलमध्ये औषध आणि कुणाच्या नुसती बिनऔषधाची पूड, हे ना आम्हाला ठाऊक, ना डॉक्टरांना. ह्याला ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात. बाहेरचं काही घ्यायचं नाही, ही अट.

आता माझा पराक्रम ऐका. ह्यांच्या वाट्याला नुसती पूड आली असेल तर? ह्या विचाराने मला चैन पडेना. गावी वन्संना फोन केला. “वयनी, रोज दुधातसून दी. झाडपाल्याचा औषध ता, तेचो कसलो अपाय?” त्या म्हणाल्या. गावाहून खाजकुयलीच्या बियांच्या पुडीचा डबा आला. मी रोज सकाळी एक चमचा दुधात घालू लागले. ह्यांना सांगितलं, सुंठ आहे.

काही दिवस हात शांत होता. मी मनात पेढे वाटले. मग मळमळ सुरू झाली, आणि एका सकाळी खुर्चीतून उठताना हे चक्कर येऊन कोसळले.

हॉस्पिटलात झोपवून आणि उभं करून ब्लडप्रेशर घेतलं. उभं राहिल्यावर ते फार खाली जात होतं. बाईंनी विचारलं, “दुसरं काही घेता का?”

“छे हो! तुमची कॅप्सूल सोडून काही नाही,” हे छातीठोकपणे म्हणाले.

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “हे औषध जास्त झालं की ब्लडप्रेशर असं उतरतं. त्या एका चमच्यात औषध किती, हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. तेच तर आम्ही शोधतोय. आता ह्यांना ट्रायलमध्ये ठेवता येणार नाही.”

जिन्यात मी रडले. ज्या चाचणीचा ह्यांना एवढा अभिमान, त्यातून माझ्यामुळे नाव गेलं. हे कठड्याला धरून थांबले. “रडतेस कशाला? घरच्या बाईची चोरीपण पकडतात, म्हणजे ह्या डॉक्टरांची तपासणी खरी. उद्या त्यांनी सांगितलं की खाजकुयली चालते, तर मी डोळे मिटून घेईन.”

आता हे नेहमीच्या गोळ्या मोजून वेळेवर घेतात. आजार आहेच, पण रविवारचा डाव सुटलेला नाही.

तपासणीला गेलो की मी बाकावर शेजारच्या बाईला माझी गोष्ट सांगते. परवा एकीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने पर्समधून एक पुडी काढली, मुठीत धरली आणि विचारलं, “डॉक्टर ओरडत नाहीत ना?”

“नाही ओरडत,” मी म्हटलं आणि तिच्याबरोबर आत गेले.