श्रीखंडाचे डबे

आमच्या घरी धड भांडी दोनच होती. आई ज्यांच्याकडे धुणीभांडी करायची, तिथून श्रीखंडाचे रिकामे डबे आणायची. त्यांतून जेवण नेऊनच मी घरातला पहिला पदवीधर झालो.

परवा कामावरून दमून आलो, तर आई उकळती आमटी त्याच डब्यात ओतत होती. तिला मधुमेह आहे.

“आई, गरम अन्नात प्लास्टिकची रसायनं उतरतात. हार्मोन्सचा घोळ होतो, तुझ्या साखरेलाही ते बरं नाही. किती वेळा सांगू?”

“याच डब्यांनी साहेब केलं तुला. तेव्हा नाही काही उतरलं?”

उतरलंही असेल. ज्यांनी वाढवलं, त्यांनाच नावं ठेवायची, याचाच खरा शीण येतो. मी स्टीलचा डबा पुढे धरला.

श्रीखंडाच्या डब्यांत आता सुईदोरा असतो. गरम आमटी स्टीलमध्ये असते.